निळी टोपी घालून गेलेला जवान दिवसभर काय करतो?

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात माथाडी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिलेल्या पिढीतले पुष्कळ जण सातारा-सांगलीकडचे, आणि त्या भागात घरटी एखादा माणूस फौजेत असणं ही जुनी रीत. त्यामुळे "आमचा पोरगा सध्या आफ्रिकेत आहे" असं कुणी सांगितलं तर आमच्या सेक्टरात फारसं नवल वाटत नाही. अडचण होते ती पुढच्या प्रश्नाची: "म्हंजे युद्धावर गेलाय का?" माझा धाकटा दीर वर्षभर दक्षिण सुदानला होता, तेव्हा सासूबाईंना हा प्रश्न भाजीवालीपासून भिशीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांनी विचारला. त्यांना धड "हो" म्हणता येईना, धड "नाही" म्हणता येईना. टीव्हीवर कुठेही स्फोट दिसला की देश कुठला हे न बघताच त्या देवापुढे दिवा लावायच्या. ज्या घरांतून आज कुणी असं गेलंय, त्यांना त्याच्या दिवसाचं खरं चित्र माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

तर, भारत त्या देशात कुणाशीही लढत नाहीये. जवान तिथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत गेलेला असतो. दोन गटांत युद्ध पेटलेलं असतं, कुठे करार झालेला असतो, कुठे झालेला मोडायला आलेला असतो. तो टिकावा आणि मधल्या मध्ये साधी माणसं मारली जाऊ नयेत म्हणून बाहेरच्या देशांचं सैन्य तिथे नेऊन ठेवतात. राष्ट्रसंघाचं हे काम १९४८ पासून चालू आहे. १९५६ मध्ये गाझात पहिली मोठी सशस्त्र शांतिसेना उतरली, तिच्यात भारतीय पलटण होती. दुरून ओळखू यावं म्हणून शिरस्त्राण निळं रंगवायची पद्धतही तेव्हाचीच. आजवर ५० हून जास्त मोहिमांत मिळून २,९०,००० हून अधिक भारतीय गेले आहेत. सुमारे १८० परत आले नाहीत, आणि इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याही देशाने या कामात गमावलेली नाहीत. १९६१ मध्ये काँगोत कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया धारातीर्थी पडले. शांतिसेनेतल्या कामगिरीसाठी परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच. तेव्हा युद्ध नाही म्हणजे धोका नाही असं सासूबाईंना खोटं सांगायची माझी कधी तयारी नव्हती.

फौज कुणाची, पगार कुणाचा?

राष्ट्रसंघाकडे स्वतःची फौज नाही. आपल्याकडे लोक गाडी घेतात आणि कंपनीला लावतात. गाडी मालकाची, ड्रायव्हर मालकाचा, त्याचा पगारही मालकच देतो. कंपनी महिन्याचं भाडं देते आणि गाडी कुठे जायची ते सांगते. शांतिसेनेचा व्यवहार बराचसा असाच चालतो. कुठे जायचं आणि तिथे काय करायचं हे सुरक्षा परिषद ठरावाने ठरवते. भारत आख्खी पलटण पाठवतो, तीही आपल्या गाड्या, हत्यारं, रेडिओ, अगदी लंगरातल्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या, पातेल्यांसकट. गाड्या पांढऱ्या रंगवून त्यांच्यावर काळी ठळक अक्षरं काढतात. दक्षिण सुदानला समुद्र नाही, म्हणून जड सामान बहुतेक केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतं आणि पुढे रस्त्याने जातं.

राष्ट्रसंघ भरपाई देतो ती भारत सरकारला. २०१८ मध्ये हा दर एका सैनिकामागे महिन्याला १,४२८ डॉलर ठरला, नंतर थोडा वाढला. ही रक्कम सरकारकडे जाते, आणि तीही दर वेळी वेळेवर येतेच असं नाही. जवानाला पगार आपलं सरकारच देतं, परदेशातल्या कामाचा भत्ता वेगळा. म्हणून "डॉलरमध्ये पगार घेतोय" असं कुणी सोसायटीत म्हणालं तर त्यात फार तथ्य नाही. कामाचे आदेश तिथल्या मोहिमेच्या फोर्स कमांडरकडून येतात, आणि तो दुसऱ्याच कुठल्या देशाचा जनरल असू शकतो. शिस्तीचा अधिकार मात्र आपल्याच सेनेकडे राहतो.

जाण्याआधी तयारी असते. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. दिल्लीत २००० पासून शांतिसेनेच्या प्रशिक्षणाचं खास केंद्र आहे. तिथे आणि पलटणीत मिळून त्या देशातल्या टोळ्या, भाषा, चालीरीती आणि मुख्य म्हणजे गोळी कधी चालवायची याचे धडे होतात. काश्मीरमध्ये दोन-दोनदा राहून आलेल्या जवानालाही हे नव्याने शिकावं लागतं, कारण इथे समोर शत्रू नसतो. हातात बंदूक असलेली दोन्हीकडची माणसं असतात आणि दोघांशीही सारखंच वागायचं असतं.

पाच वाजल्यापासून

दक्षिण सुदान आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे आहे. कोपरखैरण्यात साडेआठला डबे भरून लोक स्टेशनकडे धावत असतात, तेव्हा तिकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. दिवस उजाडायच्या आणि मावळायच्या सुमाराला हल्ल्याची शक्यता जास्त, म्हणून फौजेच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे त्या वेळी 'स्टँड-टू' असतो. प्रत्येकाने हत्यारानिशी आपापल्या मोर्चावर हजर राहायचं. मोर्चे म्हणजे मातीने भरलेल्या उंच जाळीच्या टोपल्यांची भिंत, वर वाळूची पोती. उजेड नीट झाला की पीटी, मग फॉल-इन, गिनती, दिवसाच्या कामाची वाटणी.

कुटुंबातल्या लोकांना वाटतं की दिवसभर गस्त आणि गोळीबार. खरं तर अर्धी पलटण स्वतःला जगवण्यातच गुंतलेली असते. बाहेर नळ नाही की वीज नाही. पाणी नदीतून किंवा बोअरमधून उपसायचं, शुद्धीकरणाच्या यंत्रातून काढायचं, तपासायचं, मग टाक्यांत भरायचं. जनरेटर अखंड चालतात, त्यांचं डिझेल मोजून वापरायचं. जवान राहतात पत्र्याच्या कंटेनरसारख्या खोल्यांत किंवा तंबूत. पुढच्या छोट्या ठाण्यांवर तर ताडपत्री आणि मच्छरदाणी एवढंच. शिधा राष्ट्रसंघाच्या ठेकेदाराकडून येतो: गोठवलेली कोंबडी, टिकाऊ दूध, तांदूळ, डबाबंद भाज्या. त्यातून लंगरवाले चपाती-डाळ-भाजी उभी करतात. दिराने कंटेनरमागे मिरचीची चार रोपं वाढवली होती. फोनवर त्या मिरच्यांची चौकशी घरच्यांच्या आधी व्हायची.

आणि चिखल. दक्षिण सुदानच्या सपाट भागात काळी कपाशीची माती आहे, विदर्भ-मराठवाड्यात असते तशीच. साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस पडतो आणि ती माती रस्ता नावाची गोष्टच शिल्लक ठेवत नाही. पांढऱ्या नाईलच्या काठचा सुद्द हा दलदलीचा प्रदेश तर जगातल्या सगळ्यांत मोठ्या दलदलींपैकी एक. सोळा-सोळा टनांच्या गाड्या आसापर्यंत रुततात. मग विंच लावा, दोर लावा, खोऱ्याने चिखल उपसा, आणि हे सगळं चारही बाजूंना पहारा लावून. पावसाळ्यात पुष्कळ ठाण्यांना हेलिकॉप्टरशिवाय वाट नसते. तेही ढगांमुळे आलं नाही, तर ताजी भाजी आणि औषधं अडकून राहतात. रस्ते करायलाही आपलीच माणसं जातात. पलटणीबरोबर इंजिनिअर, सिग्नल, डॉक्टर, पुरवठा अशा वेगवेगळ्या शाखांचे लोक असतात. त्यामुळे मराठी जवान म्हणजे बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचाच, असं समजायचं कारण नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दळातला सातारकर तिथे बुलडोझरवर बसलेला सापडू शकतो.

दोरी आडवी धरलेला पोरगा

आता गस्त. हा दिवसातला सगळ्यांत अवघड भाग, म्हणून जरा नीट सांगते.

निघण्याआधी गाड्या, रेडिओ, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, स्ट्रेचर सगळं तपासलं जातं. बरोबर एक स्थानिक दुभाषी असतो, आणि त्याच्यावर सगळी भिस्त. डिंका, नुएर, शिलुक, मुर्ले अशा जमातींच्या भाषा वेगळ्या, वैरं जुनी. दुभाषी कोणत्या जमातीचा आहे यावरही पुढच्या गावात दार उघडणार की नाही हे ठरतं.

तासाभराने रस्त्यावर एक दोरी आडवी लागलेली दिसते. दोरीच्या टोकाला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, पायात स्लिपर, खांद्याला एके-४७. तो म्हणतो, पुढे जायचं नाही. कागदोपत्री शांतिसेनेला देशभर फिरायची मोकळीक आहे, तिथल्या सरकारने तसा करारच केलेला असतो. पण त्या पोराने तो करार वाचलेला नसतो. इकडच्या गाडीत त्याच्यापेक्षा दसपट हत्यारं आहेत, दोरी तोडून जाणं दोन मिनिटांचं काम. ते करायचं नाही. गस्तीचा प्रमुख गाडीतून उतरतो, काळा चष्मा काढून खिशात ठेवतो. त्याच्या जवानांच्या बंदुकांची तोंडं जमिनीकडे. मग बोलणं सुरू. तुझा साहेब कोण, त्याला रेडिओवर घे, पाणी पिणार का, गुरं कशी आहेत. कधी वीस मिनिटांत दोरी खाली येते. कधी चार तास उन्हात उभं राहून परत फिरावं लागतं, आणि "आम्हाला अमुक ठिकाणी अडवलं" असा अहवाल वर पाठवावा लागतो. त्या अहवालांवर राजधानीत, जुबामध्ये, सरकारशी वाद घातला जातो. दीर म्हणायचा, "वहिनी, ट्रिगरवर बोट न ठेवता चार तास उभं राहायला जी ताकद लागते ना, तेवढी डोंगर चढायला पण लागत नाही."

गावात पोचल्यावर विचारायचं काय, तर साधंच. विहीर चालू आहे का? रात्री कुणी आलं होतं का? बायका सरपणाला कुठल्या बाजूला जातात? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. विस्थापितांच्या छावणीबाहेर लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायकांवर अत्याचार होण्याचे प्रकार तिथे वारंवार घडले आहेत. म्हणून ठरावीक दिवशी त्यांच्यामागून गस्त जाते, त्या मोळ्या बांधून परत येईपर्यंत थांबते. बंदूकधारी पुरुषाशी त्या बायका मोकळेपणी बोलत नाहीत, म्हणूनच महिला सैनिकांची गरज असते. सुदान आणि दक्षिण सुदान यांच्यातल्या वादग्रस्त अबेई भागात भारताने २०२३ च्या जानेवारीत महिला सैनिकांची प्लॅटून, म्हणजे छोटी तुकडी, पाठवली ती याच कामासाठी. काँगोत काम केलेल्या मेजर राधिका सेन यांना राष्ट्रसंघाने या कामाबद्दल २०२३ चा सन्मान दिला.

गुरांचाही प्रश्न विचारायचाच. तिथे गाय म्हणजे बँकेतली ठेव, लग्नात मुलीकडच्यांना द्यायचं धन आणि घराण्याची इज्जत. गुरं पळवण्यावरून माणसं मारली जातात, मग सूड, मग आख्खं गाव पेटतं. म्हणून आपल्या सेनेचे पशुवैद्यकही तिथे असतात. गुरांच्या छावणीत जाऊन ते लस टोचतात, जंताचं औषध पाजतात, लोकांना शिकवतात. माण-खटावच्या दुष्काळात चारा छावणीत रात्री काढलेल्या घरातला जवान तिथे शिंगं धरून उभा असेल, तर त्याला त्या गुराख्याच्या चेहऱ्यावरची काळजी दुभाष्याशिवाय कळते. एका गाईवर इलाज झाला की पुढच्या वेळी दोरी लवकर खाली येते. बंदुकीने मिळत नाही ती माहिती अशी मिळते, आणि माझ्या मते आपल्या लोकांचं सगळ्यांत मोठं काम हेच आहे.

गोळी कधी चालवायची?

शांतिसेनेचे मूळ नियम तीन. दोन्ही बाजूंची संमती, कुणाचीही बाजू न घेणं, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचं रक्षण सोडून बळाचा वापर न करणं. पण दक्षिण सुदान, काँगो अशा मोहिमांत सुरक्षा परिषदेने नागरिकांना वाचवण्यासाठी बळ वापरायची स्पष्ट परवानगी दिलेली आहे. समोर निःशस्त्र माणसांच्या जिवावर बेतलंय असं दिसलं, तर आधी इशारा, मग गरजेपुरताच गोळीबार.

लिहायला सोपं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली तेव्हा राष्ट्रसंघाने आपल्या तळांची दारं उघडली आणि लोक जीव मुठीत घेऊन आत शिरले. पुढे ही संख्या दोन लाखांवर गेली. त्याच महिन्यात अकोबो इथल्या छोट्या ठाण्यावर हजारोंचा सशस्त्र जमाव चालून आला. आत आसरा घेतलेली माणसं त्यांना हवी होती. त्यात दोन भारतीय जवान मारले गेले. त्याआधी त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुमुरुकजवळ ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, त्यात पाच भारतीय सैनिक आणि सात नागरी कर्मचारी गेले. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्या तळात, जिथे वेगवेगळ्या देशांच्या पलटणींबरोबर भारतीयही होते, सशस्त्र लोक घुसले, आसऱ्याला आलेली माणसं मारली गेली, तंबू जळाले. नंतर राष्ट्रसंघाच्याच चौकशीत आढळलं की गोळीबाराच्या नियमांबद्दल आणि हुकूम कुणी द्यायचा याबद्दल गोंधळ होता. आपले जवान शूर आहेत हे खरंच आहे, पण परदेशी जनरल, चार देशांच्या पलटणी, इंग्रजीतले नियम आणि समोर रडणारी पोरं यांच्यामध्ये एका हवालदाराने क्षणात काय ठरवायचं, हा प्रश्न शौर्याने सुटत नाही. त्यासाठी सराव लागतो. तळावर दर आठवड्याला तेच ते प्रसंग उभे करून तालीम घेतात ती यासाठीच.

सगळ्या मोहिमा एकसारख्या नसतात, हेही ध्यानात ठेवावं. लेबनॉनमध्ये डोंगर आहेत, थंडी आहे, आणि इस्रायलच्या बाजूची साधारण १२० किलोमीटरची 'निळी रेषा' सांभाळायची असते. तिथे धोका तोफा-क्षेपणास्त्रांचा, म्हणून २०२४ च्या लढाईत जवानांना दीर्घकाळ बंकरमध्ये काढावा लागला. ती मोहीम २०२६ च्या अखेरीस बंद करायचं ठरलेलं आहे. काँगोतल्या गोमात भारतीय लष्करी रुग्णालय होतं, ते शहर जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांच्या हातात गेलं. म्हणून शेजारच्याने पहिलं विचारावं ते "कुठल्या देशात?" हे.

संध्याकाळ, आणि इकडचा फोन

गस्त परत आली की हत्यारं साफ, गाडीचा चिखल धुणं, अहवाल लिहिणं. मग व्हॉलीबॉल. अंधार पडताना पूर्ण बाह्या आणि पायघोळ पँट, कारण मलेरियाचे डास. त्याची गोळी ठरल्या वेळी घ्यावीच लागते, ती चुकवणं ही शिस्तभंगाची बाब असते. पुन्हा स्टँड-टू. तळाबाहेर मोकळं भटकणं नाही, स्थानिक लोकांशी देणंघेणं नाही. तिथल्या बायकांच्या बाबतीत तर नियम फार कडक आहेत, आणि ते तसेच असायला हवेत.

सगळ्यांत जास्त खातो तो रिकामा वेळ. सणाला तो जास्तच जाणवतो. दिराच्या तळावर मराठी पोरांनी तिथल्याच काळ्या मातीचा गणपती केला होता. विसर्जनाला नदीवर जायचं तर गस्त काढावी लागणार, आणि नदीत मगरी. मग पाण्याच्या पिंपातच विसर्जन केलं. बडा खाना, म्हणजे फौजेतलं सगळ्यांचं एकत्र जेवण, झाला, रवांडाचे सैनिक येऊन मोदक खाऊन गेले.

तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे इकडे रात्रीचे साडेनऊ. फोन येतो तो बहुधा याच सुमाराला. घरच्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. फोन आला नाही म्हणून घाबरू नये. टॉवरचं डिझेल संपणं, वादळ, लांबची गस्त यांतलं काहीही असू शकतं. काही गंभीर घडलं तर पलटणीकडून अधिकृत निरोप येतो, व्हॉट्सअॅपवरून नाही. दुसरं, त्याने पाठवलेला तळाचा, गाड्यांचा किंवा मोर्चाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. "आमचा दादा उद्या अमुक गावाला जाणार" असं तर मुळीच लिहू नये. तिसरं, इथली अडचण दडवून ठेवू नये. शाळेचा दाखला, दवाखाना, जमिनीचा तंटा असं काही असेल तर पलटणीच्या मागे राहिलेल्या कार्यालयाला कळवता येतं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही त्यासाठीच आहे. कोपरखैरणे, ऐरोली, वाशी ठाणे जिल्ह्यात येतात, त्यांनी ठाण्याच्या कार्यालयात जावं. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेलकरांचा जिल्हा रायगड, त्यांचं काम अलिबागला.

नव्वद दिवस पुरे झाले की मोहिमेचं पदक मिळतं, त्याची परेड होते, फोटो घरी येतात. साधारण वर्षाने पलटण परतते. घरी आल्यावरही एक काम उरतं. मलेरियाच्या बऱ्याचशा गोळ्या परतल्यानंतरही चार आठवडे चालू ठेवायच्या असतात, आणि पोरं गावच्या जत्रेच्या नादात त्या विसरतात. आल्यावर पुढच्या काही महिन्यांत थंडीताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, हा आफ्रिकेतून आलाय, अमुक देशात होता. तिकडचा मलेरिया बहुतेक फॅल्सिपेरम जातीचा असतो. तो मेंदूवर जाऊ शकतो, आणि तेव्हा एकेक तास मोलाचा असतो.